रहीमभाईंना न वाचून दाखवलेला अंक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासोबत इतकी नाटकं केली त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही रहीमभाईंना ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन थोडी वर्षं झाली होती. धाराशिवात बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमचं नाटक मंडळ चालायचं. बाबूराव मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि इथं स्वतःच नवी नाटकं लिहून बसवायचे. त्यांची एक खोड होती — तालीम चालू असतानाच संवाद बदलायचे. काल पाठ केलेलं आज रद्द. प्रयोग तोंडावर आला तरी नवे कागद येतच राहायचे. ते नटांपर्यंत पोचवायचं काम माझं. शिवाय विंगेतून प्रॉम्प्टिंग, गोणपाटाचे पडदे रंगवणं, बत्त्यांना हवा मारणं — पडद्यामागचं सगळं माझ्याकडंच.

आणि रहीमभाई आमचे मुख्य नट. चौकात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. मराठी आपल्यासारखीच बोलायचे, पण मराठी अक्षरं वाचता येत नव्हती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी मी दुकानात जाऊन त्यांचे संवाद मोठ्यानं वाचायचो, ते पंक्चर काढत ऐकायचे. दोन-तीनदा ऐकलं की पाठ. "आणखी एकदा म्हण रे दत्तू, दम कुठं घ्यायचा ते बघू दे." एवढंच लागायचं त्यांना.

हेही सांगायला हवं — मी माकणीहून धाराशिवच्या हायस्कुलात शिकायला आलो तेव्हा दुकानामागची खोली त्यांनीच मला दिली होती. खाला, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या वाटची भाकरी झाकून ठेवायच्या. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला मीच. निकाल लागला तेव्हा माझ्या वडिलांना बीए म्हणजे काय ते नीटसं कळलं नाही. रहीमभाईंनी मात्र गिऱ्हाइकाची सायकल तशीच उलटी टाकून चौकभर पेढे वाटले.

बघा, अजून मी मुद्द्यावर येतच नाही.

त्या वर्षी मास्तरांनी मुलानं कोर्टात खेचलेल्या एका म्हाताऱ्याचं नाटक लिहिलं. म्हातारा अर्थातच रहीमभाई. प्रयोग सोलापूरला ठरला. माझं कॉलेज सोलापूरचं — जुने मित्र येणार, प्राध्यापक येणार. त्यांतला एक मित्र आधी भेटला तेव्हा म्हणाला, "काय राव, बीए होऊन पडद्याच्या दोऱ्याच ओढणार का?" तो हसला, मीही हसलो. हे मी कारण म्हणून सांगत नाही. एवढ्याशा वाक्यावर कुणी असं करतं का?

मास्तरांनी तिसरा अंक बदलला. म्हाताऱ्याचं कोर्टातलं सगळं बोलणं नवं. कागद माझ्या हातात आले. दुपारी मी दुकानात गेलो, आणि जुनाच अंक वाचून दाखवला.

विसरलो — असं मी कितीतरी वर्षं मनाशी म्हणत आलो. विसरलो नव्हतो. नवे कागद खिशातच होते.

संध्याकाळी तालमीत रहीमभाई जुनं बोलायला लागले. मी विंगेतून नवं वाक्य सांगितलं, मुद्दाम जरा मोठ्यानं. ते गडबडले. पुन्हा जुनंच. समोरचा नट थांबला, कुणीतरी फिदीफिदी हसलं. मास्तरांनी विचारलं, "दत्तू, नवा अंक वाचून दाखवलास ना रे?"

"व्हय मास्तर. दुपारीच."

रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार — न्हाई वाचला. पण ते मान खाली घालून म्हणाले, "वाचला असंल. दत्तू खोटं कशाला बोलंल? माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई."

तिथं तरी थांबता आलं नसतं का? दुसऱ्या दिवशी मी नवा अंक वाचला — मधली वाक्यं गाळून. पुढंही तसंच. ते रोज अडखळत गेले, मी रोज विंगेतून मोठ्यानं सांगत गेलो. शेवटी तेच मास्तरांना म्हणाले, "माझं काम दत्तूला द्या. सगळं पाठ हाय त्याला."

म्हाताऱ्याचं चालणं मला त्यांनीच शिकवलं. सोलापुरात माझ्या तोंडाला रंग लावला, दाढी चिकटवली, पटका बांधला. टाळ्या पडल्या. प्राध्यापक आत येऊन हात मिळवून गेले. पडद्याच्या दोऱ्या त्या दिवशी रहीमभाईंच्या हातात होत्या. मला म्हणाले, "लई झ्याक केलंस. माझ्याच्यानं झालं नसतं."

एवढ्यावर संपलं असतं, तर एक भूमिका चोरली म्हणून सोडून देता आलं असतं.

पण त्यांच्या वडिलांचं डोकं उतारवयात गेलं होतं. शेवटी शेवटी त्यांना घरचा रस्ताही सापडत नव्हता. रहीमभाईंच्या मनानं घेतलं की तेच आता आपल्याला लागलंय. त्यांनी नाटक सोडलं. कुणाची सायकल कुठली ते विसरू नये म्हणून खडूनं खुणा करायला लागले. एकदा मी दुकानात बसलो असताना आतल्या दाराकडं तोंड करून त्यांनी खालांना विचारलं, "माझी असरची नमाज झाली का गं? झाली असं वाटतंय, पण माझ्या वाटण्याचं काय खरं?"

नमाज झाली होती. माझ्यासमोरच झाली होती.

मग एका संध्याकाळी दुकानात आम्ही दोघंच होतो. हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "दत्तू, तू शिकलेला हैस. खरं सांग. अब्बांसारखंच होतंय का मला?"

एका वाक्याचं काम होतं. ते तोंडाशी आलं होतं — आलं होतं का? की हेही मी आता रचतोय? मी म्हणालो, "वय झालं की होतं असं, भाई." त्यांना पन्नाससुद्धा पुरी नव्हती.

त्यांनी मान हलवली. दुकानाच्या किल्ल्या थोरल्या मुलाकडं दिल्या. त्यानंतर ते बाजारातही एकटे गेले नाहीत. माझ्यावर मात्र कधी शंका घेतली नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी, शेवटच्या दुखण्यात ते पडल्या पडल्या घरातल्यांची नावं एकेक करून घ्यायचे, आपलं चुकत नाही ना हे बघायला. मुलं, सुना, नातवंडं — एकही नाव चुकलं नाही. त्यांत माझंही होतं. मी उशाशी बसून ऐकत होतो, आणि त्यांच्या डोक्याला कधीच काही झालेलं नाही, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.