विमानाचा पंप, लासलगावचा फिल्टर आणि दाजींची थाप

डोकं अजून शांत झालेलं नाही, तरी लिहायला बसलोय. आमच्यासारखं कुणी घरी विमान बांधत असेल आणि पेट्रोलचा पंप न् फिल्टर शोधायला नाशकातून बाहेर पडणार असेल, तर निदान त्याने आमच्यासारखी माती खाऊ नये.

विमान दोघांचं. माझं अंबडला लेथचं वर्कशॉप आहे. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झाले. तरुणपणी त्यांनी ग्लायडर उडवलेत, त्यामुळे पहिलं उड्डाण तेच करणार. पंख खाली, टाकी पंखात आणि गाडीचं इंजिन त्याच्या वर. पेट्रोल आपोआप चढत नाही, पंप लागतोच. मे महिन्यात शेपटी कडुलिंबाला बांधून पूर्ण वेगात इंजिन चालवलं, तर नवव्या मिनिटाला फडफडून बंद. दाजी म्हणाले, ऊन लागलं असेल. इंजिनाला ऊन लागतं होय! सायबर कॅफेत तासन् तास बसून मी वाचलं होतं, की बारीक फिल्टरमधून पंपाने पेट्रोल ओढलं की तापलेल्या नळीतच त्याची वाफ होते आणि पंप नुसताच फिरत राहतो. आम्ही मोटरसायकलचा इवलासा कागदी फिल्टर पंपाच्या आधी लावला होता. हेच झाडांच्या उंचीवर झालं असतं, तर ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?

गुरुवारी सकाळी व्हॅन काढली. मापासाठी विमानाची नळीच सोबत घेतली. निफाडला मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त, पाव मात्र शिळा. विंचूरहून लासलगावला वळलात की वेळेचा हिशोब सोडून द्या. लिलावाच्या दिवशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर येते. शेवटच्या तीन किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागला.

तिथे एका मेकॅनिककडे गाडीचा विजेवर चालणारा पंप चांगला मिळाला. फिल्टरही दाखवला, पत्र्याच्या वाटीचा, आत जाळी. त्याने विचारलं, कशाला बसवायचंय? दाजी पटकन म्हणाले, द्राक्षबागेच्या फवारणी यंत्राला. विमान म्हटलं की लोक गोळा होतात, हसतात, म्हणून आम्ही कायमच अशी थाप मारतो. मी त्यावर काही बोललो नाही, हेही कबूल करतो. पैसे देऊन मी चहा सांगायला गेलो. परत आलो तोवर सामान बांधून तयार होतं.

चांदवड, देवळा, सटाणा करत नामपूर गाठलं. देवळ्यापुढे रस्त्याची पार चाळण झालीय, लहान गाडी नेत असाल तर दुपारीच निघा. नामपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव ऐकलं होतं, पंप तपासून देतात म्हणून. या वेळी मी दाजींना बोलूच दिलं नाही. विमान आहे, असं सरळ सांगितलं. मिस्त्रीबाबा हसले नाहीत. त्यांनी फिल्टर हातात घेतला, वाटी फिरवून उघडली आणि माझ्यापुढे धरली.

"हाऊ तं रिकामा शे, भाऊ."

आत जाळी नव्हतीच! बाबांनी समजावलं, की लिलावाच्या रांगेत कचऱ्याने फिल्टर तुंबून ट्रॅक्टर बंद पडला की मागचे शिव्या घालतात, नंबर जातो. म्हणून तिकडचे मेकॅनिक विकतानाच जाळी काढून देतात. गिऱ्हाईकही तेच मागतं. फवारणीचं म्हटल्यावर त्याने आमच्यावर उपकारच केले होते. मी दाजींकडे बघितलं, तर ते बुटाकडे बघत होते. लासलगावच्या मेकॅनिकला जाळी काढताना त्यांनी पाहिलं होतं! उलट त्यांना बरंच वाटलं होतं, म्हणे. जाळी नाही तर तुंबणार नाही, आणि पेट्रोल आपण कापडातून गाळूनच भरतो की.

माझं टाळकंच सरकलं. बाबांनी आमची नळी उचलली, तिच्यातून स्वच्छ पेट्रोल पांढऱ्या फडक्यावर सोडलं. फडक्यावर काळे कण. "हाई नळीमझारनं शे," ते म्हणाले. म्हणजे नळीचं रबर आतूनच झडत होतं. कापडातून गाळून काय उपयोग, कपाळ?

परत निघालो, सटाणा आलं. मग दाजी म्हणाले, "पडलो तर मी पडेन. तुला काय एवढं?"

मी व्हॅन बाजूला घेतली. "पडाल तुम्ही. ताईला सांगायला जाणार मी."

व्हॅन पुन्हा रस्त्याला घेतली. त्यानंतर माझं जेवणात लक्ष लागलं नाही. सटाण्याला शेवभाजी चांगली मिळते म्हणतात, तुम्ही खाऊन बघा.

घरी येऊन बाबांनी सांगितल्याप्रमाणे बसवलं. टाकीजवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, खालच्या बाजूला विजेचा पंप. त्याच्या आधी मोठ्या तोंडाची जाडसर जाळी, म्हणजे ओढायला त्रास नाही. नवा बारीक फिल्टर पंपाच्या पुढे. इंजिनावरचा आधीचा पंपही चालू ठेवला, एक गेला तर दुसरा. नळ्या सगळ्या नव्या. भर दुपारी एक वाजता इंजिन चाळीस मिनिटं गरजलं, एकदाही अडखळलं नाही. दाजी लहान मुलासारखे खूश. रविवारी उडवू म्हणाले.

मी ताईला शेडमध्ये बोलावलं आणि तिच्यासमोर बारीक फिल्टर उघडून ताटलीत झटकला. करड्या रंगाचे मऊ तुकडे पडले. टाकीच्या सांध्यांना लावलेलं सीलंट पेट्रोलमध्ये विरघळायला लागलं होतं. ताईने एक तुकडा बोटावर घेतला.

"फिल्टर नसता तर हे कुठे गेलं असतं हो?"

"इंजिनात," दाजी म्हणाले. सहा दिवसांत पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं त्यांनी.

त्याच संध्याकाळी मी पंख जोडायचे चारही मोठे बोल्ट काढून घरी आणले आणि कपाटात कुलूप लावून ठेवले. टाकी नव्याने करायची, इंजिन तीन दुपारी चालवायचं, तिन्ही वेळा फिल्टर कोरा निघाला तरच बोल्ट मिळतील. आता तीन आठवडे झाले, दाजी माझ्याशी बोलत नाहीत. ताई डबा पाठवते, त्यात ते काही निरोप घालत नाहीत. राग माझाही गेलेला नाही. पण रोज सकाळी फिरायला जाताना ते माझ्या दारावरून मान वळवून, ताठ चालत जातात, आणि मी गॅलरीत उभा राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघतो. रुसू देत. चालतायत ना.