आणि तसं झालं तर?

उजव्या हाताचं एक बोट वर करून त्या आजी विचारायच्या, "आणि तसं झालं तर?" समोर डॉक्टर असो की रिक्षावाला, बोट तेच आणि प्रश्नही तोच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी मात्र इतकी चिवट एकच पाहिली.

उल्हासनगरच्या ज्या इस्पितळात मी नर्स होते, तिथे त्या आपल्या नातीला घेऊन आल्या. पोर काही महिन्यांची, वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. अंबरनाथला शिवमंदिराजवळ त्या बेलफुलं विकत. सुनेनं ग्रहणात विळी हाती धरली म्हणून असं झालं, असं कुणी म्हटलं की या म्हणत, "त्या दिवशी अख्ख्या आळीत भाजी चिरली होती. बाकीच्यांचं काय झालं?"

डॉक्टरांना तर त्यांनी पार पिळून काढलं. रक्त जास्त गेलं तर? टाके उसवले तर? ओठ वाकडा जुळला तर? डॉक्टर शांतपणे सांगत गेले. धोके आहेत, पण थोडे. त्यांची तयारी ठेवलेली असते. कदाचित मोठेपणी ओठ पुन्हा थोडा नीट करावा लागेल. मग आजींनी विचारलं, ऑपरेशनआधी पोरीला उपाशी का ठेवायचं?

"भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. जिवावर बेतेल."

बोट पहिल्यांदाच खाली आलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी हात पुढे केले, तर त्या नात सोडेनात. "सिस्टर, निघताना देवाचं पंचामृत पाजलं हिला. दोन चमचे. त्यानं उपास मोडत नाही ना, म्हणून."

मुलगा चिडला. "आई, सांगायची काय गरज होती? एवढ्याशानं काय होतंय?"

"आणि तसं झालं तर?"

ऑपरेशन पुढे ढकललं. मुलाची रजा वाया गेली, तो नाही नाही ते बोलला. आजी नातीला छातीशी धरून रडत होत्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढच्या तारखेला सगळं नीट पार पडलं. ओठावर एक बारीक रेघ तेवढी राहिली. दर महाशिवरात्रीनंतर नात दाखवायला यायच्या आणि मला चार नवे प्रश्न घालून जायच्या.

शेवटी त्या आमच्याच वॉर्डात होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरच्यांनी गंगाजल आणलं आणि चमचा आता शाळकरी झालेल्या नातीच्या हाती दिला. तिनं तो आजीच्या ओठांपाशी नेला आणि थांबली. माझ्याकडे वळून बोट वर केलं.

"सिस्टर, आजीला आत्ता पाणी चालतं का? डॉक्टरांना विचारलंय?"

मी म्हटलं, "दे, बाळा. आता चालतं."