विश्वनाथची रेघ

रुपराव मास्तर गणित शिकवायचे आणि मी मराठी, म्हणजे इतवारीतल्या आमच्या शाळेत त्यांना काम होतं आणि मला फुरसत. आकड्यांशी माझं जन्मात जमलं नाही, तरी त्यांच्या वर्गाच्या दाराशी मी रेंगाळायचो. "घरात बकऱ्या किती, हे मोजायचं. बकरी दूध किती देते, हे मापायचं. आणि ती काळी की पांढरी, हे नुसतं सांगायचं. तिन्ही एका टोपल्यात टाकाल तर मार खाल," असं ते पोरांना बजावत. मार मात्र त्यांनी कधी कोणाला दिला नाही.

दर जूनला शाळा उघडली की ते पोरांना मागच्या भिंतीशी उभं करून उंची मापत. खाली वर्षं, कडेला इंच, आणि प्रत्येकाचा गेरूचा ठिपका. वर्षावर्षाचे ठिपके जोडले की पोरगा कसा वाढला ते भिंतीवर दिसे.

१९१८च्या मानमोडीच्या तापात मास्तरांच्या वर्गातला विश्वनाथ गेला. बाप आधीच नव्हता. आई भागीरथाबाई लोकांचे कपडे शिवून घर चालवायच्या. पुढल्या जूनला मास्तर संख्यांच्या माळा शिकवत होते. "मागचे आकडे पाहून पुढचा सांगा," म्हणत त्यांनी भिंतीवरचीच एक माळ उचलली: शेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास. ती कोणाची, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सगळा वर्ग "बावन्न" म्हणून ओरडला, आणि एकाने उठून ठिपका दिलासुद्धा.

मास्तर तो पुसायला धावले, तर दारात भागीरथाबाई. लेकाची राहिलेली पाटी न्यायला आल्या होत्या. नव्या ठिपक्याकडे बघत त्यांनी विचारलं, "वाढला जी?"

मास्तरांच्या तोंडून "हो" निघून गेलं. मला त्यांचा रागच आला. पण त्यांच्या जागी मी काय बोललो असतो, ते मला आजही सांगता येत नाही.

मग ते दरसालचं झालं. मास्तर दोन इंच वर ठिपका द्यायचे, बाई येऊन पाहायच्या आणि त्या मापाचा निळ्या पट्ट्यांचा सदरा शिवून आणायच्या. तो शाळेतल्या कोणाला तरी दिला जाई. मी मास्तरांना म्हटलं, थांबवा हे. ते म्हणाले, "थांबवलं तर तिचं पोरगं दुसऱ्यांदा मरते गा, अन् ते माह्या हातानं." त्यांची झोप उडाली होती.

उडण्यासारखंच होतं. जित्या पोरांच्या रेघा कुठे रेंगाळत, कुठे एकदम उसळत, सोळा-सतराव्या वर्षी आडव्या होत. विश्वनाथची तेवढी एकच रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ वर चढत होती. सोबतचे शाळा सोडून गेले, बाप झाले. ही चढतच राहिली. संध्याकाळी त्या वर्गात एकटं बसायची मला भीती वाटायची. खरंच वाटायची.

एका जूनला ठिपका द्यायला मास्तरांना टाचा उंचवाव्या लागल्या. तो शेजारच्या दाराच्या चौकटीच्याही वर गेला होता.

भागीरथाबाईंनी ठिपका पाहिला, चौकट पाहिली. मग शांतपणे म्हणाल्या, "याचा बाप कोणत्या दारात कधी वाकला नाही, गुरुजी. तुमी हा कोणाचा पोरगा वाढवून राहिले?"

बाईंनी माठाजवळ जाऊन पदर भिजवला आणि हात पोचेल तिथपासून एकेक ठिपका पुसत खाली आल्या. वरचे दोन मास्तरांनी पुसले. पन्नासावर बाईंचा हात थांबला.

"हा माहा," त्या म्हणाल्या. "इथवर तुमी मापला होता."

सदरा त्यानंतरही दरसाल येत राहिला, पण पन्नास इंची पोराच्या मापाचा. उंची मापताना जो बरोबर पन्नासला भरे, त्याला तो मिळे. त्या पोराच्या डोक्यावरचा हात मास्तर लवकर उचलत नसत.

आता मास्तर निवृत्त झाले, उंची मापायचं काम माझ्याकडे आलं. दरसाल पोरगा नवा, पट्टे तेच, उंची तीच. परवा तो सदरा व्हरांड्यातून पाठमोरा चालला होता, आणि माझ्या तोंडून हाक गेली, "विश्वनाथ." पोरगा वळला नाही. मला हायसं वाटलं, आणि फार वाईटही.