हजेरीवहीतली खोडलेली सही

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. बायको म्हणते, "सगळ्या गावाला नियम शिकवता, स्वतःचं एवढं बोलायला काय होतं?" आता पंचाहत्तरी उलटली. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारे फार थोडे उरलेत, म्हणून मराठीत लिहायला धीर होतो, हेही कबूल करतो.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एका सेवेचा चिटणीस झालो. ज्या मुलांचे आजार बरे होणार नाहीत, त्यांच्या वेदना कमी करायच्या, घरी जाऊन आईबापांच्या पाठीशी उभं राहायचं, हे तिचं काम. तंजावूर आणि आसपासची इस्पितळं, गावोगावच्या नर्सबाई, औषधांची दुकानं, सगळ्यांचा मिळून कारभार पाहणारी एक समिती होती. तिची नियमावली माझ्या हातची. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, एका नर्सनं फोन उचलला नाही तर तो कुणाकडे जाईल, मूल आजोळी गेलं तर कागद कुणी पाठवायचे, सगळं त्यात आहे. तिरुवैयारुच्या पलीकडे, जिथे बस जात नाही तिथल्या मुलालाही आज त्याच दिवशी औषध मिळतं. आयुष्यभर फायली हाताळल्या, पण हातून असं काम दुसरं झालं नाही.

समितीत आईबापांसाठी दोन जागा होत्या. एका जागेवर ओरत्तनाडुची एक बाई आली. ब्लाउज शिवायची. तिची मुलगी तेव्हा आठ वर्षांची, स्नायूंचा आजार. पहिल्याच बैठकीत आम्ही सेवेच्या नव्या गाडीच्या रंगावर बोलत होतो. बाईनं तमिळमध्ये विचारलं, "सार, गेल्या महिन्यात किती फोन उचलले गेले नाहीत?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"मग आधी ते बघा. रंग नंतर."

तेव्हापासून प्रत्येक बैठक न उचललेल्या फोनांच्या यादीनं सुरू होते. इतिवृत्तात मी 'सभेने ठरवले' असं लिहिलं. ठरवलं तिनं होतं.

दोन वर्षांनी तिची मुलगी गेली. आमची नर्स शेवटपर्यंत तिथेच होती. सोळाव्या दिवसाचं कार्य उरकून आठवडाही झाला नव्हता, तोच बैठकीला बाई हजर. नेहमीसारखी हजेरीवहीत सही केली आणि बसली. नियमात माझेच शब्द होते: 'सध्या सेवा घेत असलेल्या बालकाचे पालक.' मी वही ओढून घेतली, पट्टी ठेवली आणि तिच्या सहीवर लाल रेघ मारली.

"अम्मा, नियमाप्रमाणे तुमचं सदस्यत्व संपलंय. पाहुण्या म्हणून बसायला हरकत नाही."

तिनं रेघेकडे पाहिलं. "पाहुणी कशाला? घरी शिवण पडलंय," म्हणाली आणि उठली.

ती गेल्यावर समितीत बसलेली तीच नर्स माझ्यावर उसळली. "सार, लेकरू गेलं म्हणून ती आई राहिली नाही का? तिच्याइतकं या कामातलं कुणाला कळतं?" अध्यक्ष असलेल्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "नियम तुम्ही लिहिलात. आता तुम्हीच बदला."

मी बदलला. मूल गेलं तरी पालकाची मुदत पूर्ण होईल, आणि दोनपैकी एक जागा मूल गमावलेल्या आईबापांचीच राहील. तो नियम आज आमची शान आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतली माणसं येऊन त्याची प्रत घेऊन जातात. त्या जागेवर बसलेल्या एका बापानं गेल्या वर्षी शाळेत जाणाऱ्या आजारी मुलांचा सगळा विषय मार्गी लावला. या नियमासाठी माझा सत्कार झाला, शाल मिळाली. टाळ्या वाजत असताना तो कुणामुळे झाला, हे मी सांगितलं नाही. म्हणून इथे लिहितो: तिच्यामुळे.

तिला परत बोलावणारं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. मग मी ओरत्तनाडुला गेलो. यंत्रावर एका लग्नाचे ब्लाउज चालले होते.

"या सार. वही आणली नाहीत ना?" ती हसली. मी हसू शकलो नाही. तिनं डवऱ्याच्या पितळी वाटीत कॉफी दिली, नर्सची चौकशी केली, मग विचारलं, "या महिन्यात किती फोन राहिले?"

"एकही नाही."

"खरं?"

"खरं."

तिनं मान हलवली, बरं वाटलं असावं. बोलायची तीच वेळ होती. मी कॉफी संपवली, बसची वेळ झाली म्हणालो आणि उठलो. त्यानंतर दोनदा तिच्या दाराशी जाऊन परतलो. गेल्या वर्षी ती भावाकडे राहायला गेली. कुठे, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही.

अम्मा, तुमची मुलगी जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी पट्टी ठेवून तुमची सही खोडली. चूक माझी होती. मला क्षमा करा.