थर, टेप आणि नाझनीनचे अब्बा

काम सुरळीत चाललं की सांगण्यासारखं काही उरत नाही. आमच्या लॅबमध्ये ते क्वचितच सुरळीत चालतं, म्हणून माझ्याकडे किस्से ढीगभर! रत्नागिरीच्या एका कॉलेजातली ही फिजिक्सची लॅब. माणसं तीनच. सर, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी नाझनीन आणि मी, लांज्याचा लॅब असिस्टंट.

काम काय, तर एका स्फटिकाचे थर सोलत राहायचं, अगदी मोजक्या अणूंएवढे पातळ होईपर्यंत. एवढ्या पातळ थरातही चुंबकत्व टिकतं, पण सलग नाही. छोट्या छोट्या तुकड्यांत वाटलेलं. एका तुकड्याची दिशा वर, शेजारच्याची खाली. त्यांना डोमेन म्हणतात. आमच्या मायक्रोस्कोपमधून ते स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या वळणावळणाच्या नक्षीसारखे दिसतात.

ही नक्षी नाझनीनला अब्बांना दाखवायची होती. फोटो नको, समोर बसवून! अब्बा मस्कतला बुटांच्या गोदामात. दोन वर्षांनी एकदा घरी येणार, तेही चाळीस दिवस.

*

थर सोलायला यंत्र वगैरे नाही बरं का! साधी चिकटपट्टी. स्फटिकावर लावायची, ओढायची, परत लावायची, परत ओढायची. एकदा आमची टेप संपली. मी पावसला भावाच्या आंब्याच्या बागेत गेलो होतो, तिथून पेट्यांची ब्राऊन टेप उचलून आणली.

थर निघाला झकास. त्याच्यासोबत गोंदही निघाला!

"अहो, हा चुंबक आहे, हापूस नव्हे!" सर ओरडले. पण शास्त्रज्ञ माणूस. वहीत टेपच्या रकान्यात इमानदारीत लिहिलं, "आंबा".

*

एक पाहुणे लॅब बघायला आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा चुंबक फ्रिजला चिकटेल का?"

सर म्हणाले, "चिकटेल. पण मग परत सापडणार नाही."

*

आमचा खरा वैरी म्हणजे दमट हवा. थराला ओलावा लागला की दिवसभराची मेहनत पाण्यात. एकदा अब्बांनी फोनवर विचारलं, "येताना काय आणू गो? अत्तर, चॉकलेट?"

नाझनीन म्हणाली, "अब्बा, बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या आणा."

माणूस बॅगभर पुड्या घेऊन निघाला! विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडली. आत नुसत्या पांढऱ्या पुड्या. साहेबांनी विचारलं, "हे काय?"

अब्बा म्हणाले, "साहेब, पोरगी चुंबक सुकवते."

साहेबांनी बॅग स्वतःच्या हाताने बंद करून दिली.

*

त्या खेपेला पुड्या आल्या, पण नक्षी काही आली नाही. ऐन जुलै. चाळीस दिवसांत एक थर धड टिकेना. नाझनीन रोज घरी जाऊन सांगायची, "उद्या नक्की." चाळिसाव्या दिवशी अब्बा विमानतळावर पोचले, आणि इथे स्क्रीनवर नक्षी उमटली!

तिने व्हिडिओ कॉल लावला. फोन स्क्रीनसमोर धरला.

"दिसलं का अब्बा?"

"दिसलं गो, डोळे भरून दिसलं!"

फोन ठेवल्यावर सर हळूच म्हणाले, "अगं, कॅमेरा तुझ्याकडे होता."

ती हसली. मग बराच वेळ तोंड धुवायला गेली.

*

यंदा मात्र अब्बा घरी असतानाच नक्षी उमटली. सुट्टी संपत आलेली, बारा दिवस उरलेले. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सरांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

"हे तू काढलंस?"

"नाही अब्बा, ते आपोआप होतं. आता गंमत बघा हां. बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं की सगळं पांढरं होणार. बंद केलं की परत नक्षी."

"हीच?"

"हीच नाही. दर वेळी वेगळी."

अब्बांनी बटणावरचा तिचा हात धरला. "मग नको गो. मी जाईपर्यंत हीच राहू दे."

पुढची रीडिंग्ज त्याच दुपारी घ्यायची होती. सरांचा पेपर त्याच रीडिंग्जसाठी अडलेला. सरांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "यूपीएस बिघडलाय वाटतं. रीडिंग नको."

यूपीएस ठणठणीत होता!

त्यानंतर अब्बा रोज सकाळी यायचे. तासभर स्क्रीनसमोर बसायचे, शेजारी नाझनीन. मी चहा ठेवून बाहेर पडायचो, कारण तिथे उभं राहवायचं नाही. माझा मुलगाही मुंबईला असतो.

बाराव्या दिवशी अब्बांचं विमान गेलं. दुसऱ्या दिवशी नाझनीन वेळेवर आली. डोळे सुजलेले. खुर्चीत बसली, बटणावर बोट ठेवलं आणि उचललं.

"सर, यूपीएस अजून बिघडलेलाच आहे ना?"

सरांनी वहीतून मान वर काढली नाही.

"हो गं. पार बिघडलाय."