भाचीची क्रीम

परवा औषधांच्या दुकानात वहिनींनी भाचीसाठी मागवलेली गोरं करणारी क्रीम उघडून वास घेतला, आणि टोरोंटोतला, चर्चच्या बेसमेंटमधला आमचा इंग्रजीचा वर्ग आठवला. ओल्या कोटांचा वास, हीटरची घरघर आणि आठवीत शाळा सुटलेल्या माझ्या चुकांना कधी न हसलेल्या मॅडम. शेजारी एक कोरियन मुलगी बसायची, हसली की तिच्या डोळ्यांची नुसती रेघ व्हायची. ख्रिसमसच्या सुट्टीत ती घरी जाऊन डोळे मोठे दिसावेत म्हणून पापण्यांचं ऑपरेशन करून घेणार होती. तिकडे नोकरीच्या अर्जाला फोटो लागतो, म्हणाली. मॅडमनी पूर्वी कोरियात, सोलमध्ये शिकवलेलं. "सुट्टीनंतर माझ्या मुली सुजलेल्या डोळ्यांनी वर्गात यायच्या आणि मी गप्प बसायचे," त्या म्हणाल्या, "तू तरी नको करूस गं, आहेस तशीच छान आहेस." ती शांतपणे म्हणाली, "टीचर, तुम्ही तिथून परत आलात. मला तिथेच राहायचंय." मग माझ्या गालावर राहिलेला क्रीमचा पांढरा ठिपका बोटाने पुसत म्हणाली, "ही पण लावतेच की." मला मान वर करवेना, तिकडे तरी उजळशील म्हणून सासूबाईंनी बॅगेत ट्यूबा भरून दिल्या होत्या. जानेवारीत ती मोठ्या डोळ्यांची होऊन आली, "छान दिसते ना?" म्हणत हसली, पण डोळ्यांची रेघ काही झाली नाही. मॅडम "छान" म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. भाचीला पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत. दुकानातूनच फोन लावला, "वहिनी, हे नको" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि "वहिनी, दोन घेऊ का?" असं विचारून बसले.