हेमाताईंचा हात

हेमाताई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मी त्या हातात शीर शोधत होते. नंतर रात्रीपर्यंत फोन येत राहिले... चिंचणीहून, डहाणूहून, विक्रमगडहून, जिथे जिथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली नोकरीला लागल्यात तिथून. "मॅडम, खरं हाय का हो?" प्रत्येकीला मी हो म्हणत होते. जरा वेळ रडून झालं की प्रत्येकीने पुढे एकच विचारलं, "शीर नाय मिळाली?" नर्सच त्या, दुसरं काय विचारणार! आता काही आठवडे उलटलेत. लोक म्हणतात लिहून काढ, मोकळं वाटेल. मोकळं वगैरे काही वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण लिहिलं नाही तर हे सगळं माझ्या बोटांत साचून राहील, आणि त्याच बोटांनी मला रोज लोकांच्या शिरा शोधायच्या असतात.

हेमाताई घिवलीच्या. आई टोपली घेऊन मासळी विकायची, त्यावर ह्या शिकल्या. सकाळी पालघरच्या एका छोट्या नर्सिंग संस्थेत वर्ग आणि दुपारनंतर बोईसरला आमच्या रुग्णालयात ड्यूटी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा दिवस. वर्गात त्या एकच गोष्ट शिकवायच्या, सुई. सलाइन कसं लावायचं, तपासणीचं रक्त कसं काढायचं. मी त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. माझे वडील साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आले. बारावीनंतर लवकर नोकरी लागेल असं काहीतरी शिकायचं होतं, म्हणून मी त्या संस्थेत गेले. सेवाभाव वगैरे काही नव्हता. सुईची तर मला इतकी भीती की लहानपणी इंजेक्शन घ्यायला चौघांनी धरावं लागायचं.

संस्थेच्या ऑफिसात काचेचं कपाट होतं आणि त्यात एक हात होता. रबराचा, गोरा गोरा, दंडापासून बोटांपर्यंत. आत लाल पाणी भरायची सोय. मुलींनी टोचून सराव करावा म्हणूनच आणलेला. पण त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण, कपाटाला कुलूप आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात. "टोचून टोचून त्याची चाळण होईल. उद्या तपासणीला कुणी आलं तर काय दाखवायचं?" असं त्यांचं म्हणणं. हेमाताईंनी आधी गोडीत मागितला, मग भांडून मागितला. मग एक दिवस त्या वर्गात आल्या, बाही वर सारली आणि आपला डावा हात टेबलावर ठेवला. "या गो एकेक. नवी सुई घ्या आणि या. मी काय मरत नाय."

तेव्हापासून त्यांच्या वर्गात तो रिवाजच पडला. प्रत्येक मुलीची पहिली सुई हेमाताईंच्या हातात. पट्टा बांधायचा, बोटाने शीर चाचपायची, सुई घालायची. त्या डोळे मिटून बसायच्या आणि निकाल सांगायच्या. "लागली," म्हणाल्या की नळीत रक्त आलेलं असायचं. "बाहेर गेलीस गो," म्हणाल्या की सुई शिरेच्या बाजूला मांसात. बघायची गरजच नाही, दुखण्यावरून त्यांना कळायचं. माझ्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या तशाच डोळे मिटून म्हणाल्या, "पडायचं असंल तर आधी सुई खाली ठेव, मग पड." सगळा वर्ग हसला. मी पडले नाही, पण बाहेर मात्र गेले. "बाहेर गेलीस गो. परत ये."

सुई काढल्यावरची त्यांची एक शिस्त होती, ती सुई घालण्यापेक्षा कडक. बहुतेक नर्सा कापूस ठेवतात, "हात दुमडा" म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. हेमाताईंच्या मुलीने असं केलं की तिची खैर नसायची. हात दुमडायचा नाही, सरळ ठेवायचा, कापूस आपण आपल्या अंगठ्याने दाबून धरायचा, रक्त थांबेपर्यंत. आणि तेवढा वेळ गप्प उभं राहायचं नाही, पेशंटला विचारायचं, आज काय जेवलात? "त्यानं तुला अंगातलं रक्त दिलं ना? मग एवढ्यात कुठं निघालीस?" असं त्या विचारायच्या. मुलींना हसू यायचं. पण बोईसर, पालघरच्या कुठल्याही दवाखान्यात जा, एखादी नर्स कापूस दाबून तुमच्या जेवणाची चौकशी करू लागली, तर ती कुणाच्या हाताखाली शिकली हे विचारावं लागत नाही.

डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "पोराला मासा भरवताना काटा कशानं कळतो? डोळ्यानं? बोटानंच ना? तशीच शीर." वाडा-जव्हारकडच्या डोंगरातून आलेल्या मुली मासे खाणाऱ्या असोत-नसोत, सगळ्या माना डोलवायच्या. एकदा एका केमिकल कंपनीतला कामगार आमच्याकडे आला. उत्तर प्रदेशातला तरणा मुलगा, उलट्या-जुलाबांनी पार वाळलेला. आम्ही सगळ्यांनी टोचून टोचून त्याचे दोन्ही हात सुजवून ठेवले होते. तो हात पोटाशी घट्ट धरून बसला, "दीदी, अब सुई मत लगाओ." हेमाताईंनी आम्हाला बाजूला केलं. त्याच्या हाताला गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला, हात खाटेवरून खाली लोंबता ठेवला आणि त्याच्याशी त्याच्या गावाच्या गप्पा मारत बसल्या. "घर में कौन कौन हाय?" असलं त्यांचं हिंदी. तो आईबद्दल सांगत होता, त्या चाचपत होत्या. त्याला कळायच्या आत सलाइन सुरू झालेलं होतं. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. असं एकदा तरी आपल्याला जमावं, असं फार वाटलं.

पण त्यांचा डावा हात मी बघत होते. दरवर्षी नव्या मुली, दरवर्षी नव्या सुया. कोपरातली शीर दोरीसारखी कडक झाली, बोट ठेवलं की सरकायची. मग त्या मनगटाकडे आल्या, मग उजव्या हाताकडे. मी एकदा चिडून म्हटलं, "ताई, आता पुरे करा. तो रबराचा हात मी कुलूप फोडून आणते." तर म्हणाल्या, "रबराला दुखत नाय गो. पोरींना कळणार कसं?" हे त्यांचं नेहमीचं. नाइलाज म्हणून सुरू केलेल्या गोष्टीचं त्यांनी तत्त्व करून टाकलं होतं आणि माझा जीव त्यानेच जायचा. मी म्हटलं, "उद्या तुम्हाला काही झालं तर आम्ही सुई घालायची कुठे?" त्या हसल्या. "एवढ्या पोरी शिकवल्या. एकीला तरी गावेलच की."

एकीला तरी गावेलच की... हे वाक्य मला आता झोपू देत नाही.

गणपती होऊन गेले होते. त्यांना ताप होता, त्यांनी तो अंगावर काढला. गोळ्या खाऊन वर्ग घेतले. आपण नर्स असलो की आपल्याला काही होत नाही, हा आमच्या सगळ्यांचाच मूर्खपणा. त्या दुपारी त्यांची धाकटी बहीण वनिता त्यांना रिक्षातून घेऊन आली. डेंग्यू होता, ते नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की हात-पाय गार, नाडी जेमतेम, रक्तदाब लागत नाही. सलाइन हवं होतं आणि ते तातडीने हवं होतं. अंगात पाणी गेलं तर माणूस वाचायची आशा, नाहीतर नाही. असल्या वेळी चांगल्या धडधाकट माणसाच्या शिरासुद्धा आत ओढल्या जातात. हेमाताईंच्या हातांत तर आम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

ड्यूटीवर रेश्मा होती, तीही त्यांचीच विद्यार्थिनी. तिने पट्टा बांधला. एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, मग सुई ठेवून भिंतीला टेकली. हेमाताईंनी डोळे उघडले. "तिला पाणी दे कोणीतरी," म्हणाल्या. स्वतःसाठी नाही, रेश्मासाठी! मग मी बसले. गरम टॉवेल गुंडाळला, हात खाली सोडला, त्यांनी केलं होतं ते सगळं केलं. डोळे मिटून चाचपलं. कोपरात दोरी, मनगटात दोरी, हाताच्या पाठीवर जुन्या टोचण्यांचे बारीक कडक दाणे, आणि मला माहीत होतं की त्यातला कुठलातरी एक माझा आहे. पाय पाहिले, घोटे पाहिले. परत हाताकडे आले, एका जागी काहीतरी मऊ लागलं असं वाटलं, सुई घातली.

"बाहेर गेलीस गो," त्या म्हणाल्या.

वर्गात म्हणायच्या तसंच, अगदी त्याच आवाजात. राग नाही, घाई नाही. वनिता कोपऱ्यात तोंडावर ओढणी दाबून उभी होती. डॉक्टरांनी मानेतली मोठी शीर धरायला भूलतज्ज्ञांना बोलावलं होतं, ते पालघरहून निघाले होते. मी परत चाचपलं, परत सुई घातली. या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत. मला क्षणभर वाटलं, लागली! देवा, लागली एकदाची! मी नळीकडे पाहिलं. नळी कोरडी होती. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

त्यानंतर धावपळ झाली. डॉक्टर छाती दाबू लागले, भूलतज्ज्ञ येऊन पोचले. मी मात्र तो हात सोडला नाही, शोधतच राहिले. शेवटी रेश्माने माझी बोटं एकेक करून सोडवली. नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, ताप फार अंगावर काढला होता त्यांनी. शीर मिळाली असती तरी सांगता येत नाही." ते मला धीर द्यायला बोलले, हे कळतं. पण सांगता येत नाही म्हणजे वाचल्याही असत्या ना? हा प्रश्न मी कुणाला विचारू? ज्यांना विचारला असता त्यांनी तर डोळे मिटून घेतले.

घिवलीला समुद्राजवळच्या स्मशानात त्यांना नेलं तेव्हा नर्सांची रांगच्या रांग होती. माझ्या मनात सारखं येत होतं की ह्यांतल्या प्रत्येकीने एक एक शीर नेलीय. त्या सगळ्यांनाही तेच वाटत असणार, कारण कुणीच कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं.

संस्थेत आता हेमाताईंचा फोटो लागलाय, चंदनाचा हार घालून. प्राचार्यांनी मला बोलावून वर्ग घ्याल का विचारलं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला बळ नव्हतं. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर टेबलावर तो रबराचा हात ठेवलेला. किल्ली न मागता! मला इतका संताप आला की तो उचलून खिडकीबाहेर भिरकावावा असं वाटलं. पण समोर मुली बसल्या होत्या. मी प्लास्टिक काढलं. इतकी वर्षं कपाटात राहून तो हात कोराच होता, त्याला एक भोक पडलेलं नव्हतं. कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय.

एकेक मुलगी येऊन टोचून गेली. जव्हारकडच्या मंगलने सुई घातली, रक्त काही आलं नाही, आणि ती तशीच सुई धरून माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, हा तं बोलत नाय. मी बाहेर गेली तं मला सांगंल कोण?"

बाही वर सारायला माझा हात नकळत गेला होता, तो मी मागे घेतला. आपण हेमाताई व्हायचं नाही, हे मी स्मशानातून येतानाच स्वतःला बजावलं होतं. मी नुसती मंगलच्या हातातून सुई घेतली आणि काढली. मग काय झालं मला खरंच कळलं नाही. माझ्या अंगठ्याखाली कापूस होता आणि मी तो त्या रबरावर दाबून धरला होता. मुली टक लावून बघत होत्या. तो हात दुमडणारा नव्हता, तरी मी तो सरळ धरून ठेवला.

"आज काय जेवलात?" मी विचारलं.

कुणी हसलं नाही. रक्त थांबायला लागतो तेवढा वेळ मी तशीच उभी राहिले.